मेमरी रिपेअर होत नाही, पण...

आपल्या होस्टेलमध्ये दिवसातून सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणारा टेक्निकल शब्द कोणता? माझ्या मते 'मेमरी'! मोबाईलची मेमरी फुल झाली, लॅपटॉपला रॅम कमी पडते, आणि सबमिशनच्या आदल्या रात्री प्रत्येक रूममधून एकच रड - "माझी मेमरीच वीक आहे यार!" हा शब्द आपण इतका स्वस्त करून टाकलाय की खऱ्या मेमरीबद्दल, म्हणजे कवटीच्या आतल्या मेमरीबद्दल, आपल्याला काडीचीही माहिती नसते. मराठी विभागाच्या मॅडम म्हणाल्या, "कविता पुष्कळ आल्यात, कुणीतरी माहितीपर लिहा गं." म्हणून मी हा विषय घेतला. कारण सरळ आहे. दोन वर्षांपूर्वी माझ्या आजोबांच्या, म्हणजे आप्पांच्या, डोक्याला मार लागला आणि तेव्हापासून आमच्या घरी हाच सिलॅबस चालू आहे. त्याला ना युनिट टेस्ट, ना एटीकेटी.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे लेखात इंग्रजी शब्द येणारच. हिप्पोकॅम्पसला शुद्ध मराठीत काय म्हणायचं ते शोधण्यापेक्षा तो करतो काय ते सांगते, चालेल ना?

आप्पा कराडला असतात. एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून रिटायर झाले. एकाहत्तर वर्षांचे असताना सकाळी दूध आणायला गेले आणि रस्ता ओलांडताना दुचाकीने उडवलं. हाड मोडलं नाही, रक्तही फारसं नाही. पण डोकं रस्त्यावर आपटलं आणि मेंदूला मुका मार लागला. आपली कवटी बाहेरून मडक्यासारखी गुळगुळीत वाटते, पण आतून, विशेषतः कपाळाच्या आणि कानशिलाच्या बाजूला, तळाशी हाडाचे खडबडीत कंगोरे असतात. डोक्याला जोरात धक्का बसला की मेंदू आतल्या आत हलतो आणि नेमका या कंगोऱ्यांवर घासतो. आणि दुर्दैव बघा, कपाळामागचा फ्रंटल भाग म्हणजे प्लॅनिंगचं डिपार्टमेंट, तर कानशिलाच्या टेम्पोरल भागात आठवणी तयार करण्याचं काम चालतं. म्हणूनच डोक्याच्या अपघातानंतर हातपाय धड असलेली माणसंसुद्धा "काय करायला उठलो होतो?" इथे अडकतात.

म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, आणि ज्यांच्या घरी आजी-आजोबा आहेत त्यांनी ती वाचाच. वयानुसार मेंदू थोडा आकसतो. कवटी तेवढीच राहते, म्हणजे मधली जागा वाढते आणि त्या जागेतून जाणाऱ्या बारीक शिरा ताणल्या जातात. बाथरूममध्ये साधं घसरणं झालं तरी एखादी शीर फुटू शकते. रक्त थेंबथेंब साचतं आणि कधीकधी लक्षणं दिसायला दोन-तीन आठवडे लागतात. चालताना तोल जातो, बोलणं अडखळतं, माणूस गोंधळतो. आणि घरचे म्हणतात, "वय झालं आता!" हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर धोका जास्तच. तेव्हा डोक्याला मार लागलेला असेल, तर जखम दिसो वा न दिसो, डॉक्टरांना दाखवणं बरं. हे रक्त वेळेत काढलं तर पुष्कळ जण चांगले सुधारतात.

आप्पांचं तसं नव्हतं. त्यांना सोळा दिवसांनी घरी सोडलं तेव्हा फाईलमध्ये गोळ्यांचा कागद होता, टाके काढायची तारीख होती, पण 'माणूस विसरतोय, त्याचं काय करायचं' याबद्दल एक ओळसुद्धा नव्हती. (हॉस्पिटलचं नाव सांगत नाही. तिथल्या लोकांनी जीव वाचवला, हे आधी.) घरी आल्यावर कळलं की सकाळी खाल्लेले पोहे त्यांना दुपारी आठवत नाहीत. पण पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी सगळी तोंडपाठ! मी 'अडतीस'सुद्धा आधी मनातल्या मनात इंग्रजीत म्हणून बघते, आणि हे "पाऊणे सात?" विचारलं की धाडकन "सव्वापाच" सांगतात. शेजाऱ्याची स्कूटर सुरू होत नव्हती, तर आप्पांनी कार्ब्युरेटर उघडून, साफ करून, पुन्हा बसवूनसुद्धा दिला. अर्ध्या तासाने विचारलं तर म्हणे, "कुठली स्कूटर?"

हे नाटक नव्हे. यामागे विज्ञान आहे, आणि त्याची गोष्ट फार भारी आहे.

१९५३ साली अमेरिकेत हार्टफर्ड इथे विल्यम स्कोव्हिल नावाच्या सर्जनने हेन्री मोलायसन या २७ वर्षांच्या तरुणावर फिट्स थांबवण्यासाठी ऑपरेशन केलं. मेंदूच्या दोन्ही बाजूंचा टेम्पोरल लोबचा आतला भाग, म्हणजे हिप्पोकॅम्पसचा बराचसा भागसुद्धा, काढून टाकला. फिट्स कमी झाल्या, पण हेन्रीला नवीन आठवणी बनवणंच बंद झालं! बुद्धी शाबूत, भाषा शाबूत, लहानपण आठवतंय, आणि समोरचा माणूस खोलीबाहेर जाऊन परत आला की पुन्हा नव्याने ओळख. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्यांनी त्याला एक काम दिलं - कागदावरची चांदणी आरशात बघून गिरवायची. करून बघा, हात उलटाच जातो. हेन्री तीन दिवसांत त्यात तरबेज झाला. आणि दर वेळी त्याचं म्हणणं एकच, हे मी आयुष्यात पहिल्यांदा करतोय! म्हणजे हाताला आठवत होतं, हेन्रीला आठवत नव्हतं. २००८ मध्ये तो वारला, तोपर्यंत जगभरच्या पुस्तकांत त्याचं नाव फक्त 'एच. एम.' एवढंच छापलं जायचं.

त्याच्याही आधीची गोष्ट आहे जिनिव्हाची. क्लापारेद नावाच्या डॉक्टरने १९११ मध्ये लिहून ठेवली. एक बाई दररोज त्याला नव्याने भेटायची, कारण कालची भेट तिच्या लक्षातच नसायची. एक दिवस त्याने हातात टाचणी लपवून हस्तांदोलन केलं. (आज कुठलीही एथिक्स कमिटी त्याला घरी पाठवेल!) थोड्या वेळाने त्याने पुन्हा हात पुढे केला, तर बाईने आपला हात मागे घेतला. का, ते तिला सांगता येईना.

तर मुद्दा असा की मेमरी म्हणजे एक हार्ड डिस्क नव्हे. आपण कॉम्प्युटरवाले लोक लगेच रॅम आणि हार्ड डिस्कची उपमा देतो, पण ती फार लांब चालत नाही. घडलेल्या प्रसंगांची आठवण वेगळी, शिकलेल्या ज्ञानाची वेगळी, हाताच्या कसबाची वेगळी. आणि 'संध्याकाळी सहाला गोळी घ्यायचीय' अशी पुढच्या कामाची आठवण, ती आणखी वेगळी. मार लागला की सगळ्या सारख्या जात नाहीत. प्रसंगांची आणि पुढच्या कामांची आठवण सहसा जास्त जाते, हाताची बहुतेक वेळा शाबूत राहते. आणि सगळं रिहॅबिलिटेशन उभं आहे ते या शाबूत भागावर.

आमच्याकडे सुरुवातीला सगळ्यांचा समज असा की मेमरी म्हणजे दंडाचा स्नायू, व्यायाम दिला की फुगेल. एका नातेवाइकांनी टॅबवर ब्रेन ट्रेनिंगचे गेम टाकून दिले. आप्पा गेममध्ये हळूहळू सुधारले, पण पोहे आठवेनात ते आठवेनातच. यातही नवल नाही. अमेरिकेत ६५ वर्षांवरच्या २,८३२ निरोगी माणसांवर 'ॲक्टिव्ह' नावाचा मोठा प्रयोग झाला, त्याचे निकाल २००२ मध्ये छापून आले. ज्या गोष्टीचा सराव दिला त्यात माणसं सुधारली, पण ती सुधारणा दुसऱ्या कौशल्यात काही उतरली नाही. ही तर धडधाकट माणसं, मग मार लागलेल्यांचं काय सांगावं! २०१६ मध्ये 'लुमॉसिटी' या गेमच्या कंपनीला वाढीव जाहिराती केल्याबद्दल अमेरिकेच्या ट्रेड कमिशनशी २० लाख डॉलर्सवर तडजोड करावी लागली. गेम खेळू नयेत असं मी म्हणत नाही, आजोबांचा वेळ छान जातो. फक्त त्याला उपचार म्हणू नये.

मग करायचं काय? इंजिनिअरिंगच्या भाषेत सांगायचं तर जो पार्ट मिळत नाही तो रिपेअर करत बसायचं नाही, बायपास काढायचा. म्हणजे वही, कॅलेंडर, गजर, ठरलेली जागा, ठरलेली वेळ. ऐकायला अगदीच सोपं वाटतं ना? इथेच तर मजा आहे. वही बघायची असते, हेच ज्याच्या लक्षात राहत नाही त्याला वही देऊन काय उपयोग? सोलबर्ग आणि माटीअर या दोघींनी १९८९ मध्ये स्मरणवही शिकवण्याची पद्धत लिहिली, तिचे तीन टप्पे आहेत. आधी वहीत कुठे काय आहे ते शिकवायचं. मग कुठली गोष्ट कधी वहीत लिहायची याचा खोटाखोटा सराव. आणि शेवटी खऱ्या बाजारात, खऱ्या बँकेत वापर. आपण लोक काय करतो? नवी कोरी डायरी आणून देतो आणि म्हणतो, "आता यात लिहीत जा हं!"

आप्पांनी तर वही हातात धरायलाच नकार दिला. "मला काय धाड भरलीय? वही कशाला?" फ्रंटल भागाला मार लागला की आपण विसरतोय हेच पुष्कळदा माणसाला उमगत नाही. हा हट्ट नसतो, हासुद्धा दुखण्याचाच भाग. आणि खरं सांगायचं तर त्यात अपमानही असतो. चाळीस वर्षं एसटीची इंजिनं उघडली त्या माणसाला चौथीतल्या मुलासारखी वही? शेवटी आयडिया आजीची. वर्कशॉपमध्ये प्रत्येक गाडीमागे कामाची नोंद लिहायची असायची - गाडी नंबर, तक्रार, काय केलं, सही. आजीने बाबांना तसेच रकाने आखायला सांगितले. वेळ, काम, झालं का, सही. आणि आप्पांनी सही केली! हाताला तो फॉर्म ओळखीचा होता. पुढे पुस्तकांत वाचलं तेव्हा कळलं की जुन्या सवयीच्या खांद्यावर नवी सवय बसवणं हा या क्षेत्रातला अगदी मान्य मार्ग आहे. आजीने एकही पुस्तक वाचलं नव्हतं.

आता 'वही बघायची असते' हे डोक्यात उतरवण्यासाठी एक पद्धत आहे, स्पेस्ड रिट्रीव्हल. कॅमेरॉन कँप या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी ती स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी वापरली. माहिती एकच आणि छोटी घ्यायची. "आज काय काम आहे ते कुठे बघायचं? वहीत." लगेच विचारायचं, उत्तर आलं की पंधरा सेकंदांनी, मग तीस, मग एक मिनिट, दोन, चार, आठ... असं अंतर वाढवत न्यायचं. मधल्या वेळात गप्पा मारायच्या, भाजी निवडायची. उत्तर चुकलं तर "आठवा, आठवा" करायचं नाही. बरोबर उत्तर लगेच सांगायचं, तिथल्या तिथे वदवून घ्यायचं आणि शेवटचं जे अंतर जमलं होतं तिथे परत यायचं. दिवाळीच्या सुट्टीत मी मोबाईलवर स्टॉपवॉच लावून रोज हेच करत होते. बाराव्या दिवशी सकाळी उठल्यावर आप्पा न विचारता खुंटीकडे गेले, वही तिथेच दोरीला टांगलेली असते. आजी स्वयंपाकघरात होती. तिने नुसतं माझ्याकडे बघितलं आणि परत चहाकडे बघायला लागली.

या सगळ्यात मला सगळ्यात धक्कादायक वाटलं ते पुढचं. आपल्याला लहानपणापासून सांगतात, चुका करत करतच माणूस शिकतो. लॅबमध्ये तर ट्रायल अँड एरर हा आपला धर्मच! पण मेमरी गेलेल्या माणसाला हा नियम घातक ठरू शकतो. १९९४ मध्ये केंब्रिजच्या ॲलन बॅडली आणि बार्बरा विल्सन यांनी एक साधा प्रयोग केला. स्मृती गेलेले रुग्ण, निरोगी तरुण आणि निरोगी वृद्ध, असे तीन गट. काही शब्द असे शिकवले - "क्यू-यू ने सुरू होणारा पाच अक्षरी शब्द माझ्या मनात आहे, ओळखा." माणूस म्हणणार क्वीन, क्विक... मग सांगायचं, "नाही, क्वोट. लिहा." आणि काही शब्द असे - "क्यू-यू ने सुरू होणारा शब्द आहे, तो आहे क्वोट. लिहा." बस! चुकायला जागाच नाही. पुढे परीक्षा घेतली तेव्हा दुसऱ्या पद्धतीचा फायदा सगळ्यांनाच झाला, पण स्मृती गेलेल्यांना तो कितीतरी पटींनी जास्त झाला. याला एररलेस लर्निंग म्हणतात. मूळ कल्पना त्याहून जुनी. १९६३ मध्ये हर्बर्ट टेरेस यांनी कबुतरांना चुकू न देता रंगांतला फरक शिकवला होता, तिथून ती आली.

कारण काय असेल? ई अँड टीसीवाल्यांना हे पटकन कळेल. आपलं डोकं म्हणजे निगेटिव्ह फीडबॅकचं सर्किट. मी 'क्वीन' म्हणाले, चुकलं, आणि 'मी क्वीन म्हणाले होते आणि ते चुकलं होतं' हा प्रसंग मला आठवतो, म्हणून पुढच्या वेळी ते उत्तर वजा होतं. आता हा प्रसंगच आठवत नसेल तर? वजाबाकी होतच नाही. तोंडातून एकदा निघालेलं 'क्वीन' तेवढं जिभेवर घोटलं जातं आणि पुढच्या वेळी तेच आधी बाहेर येतं. निगेटिव्ह फीडबॅकचा झाला पॉझिटिव्ह! मग ऑसिलेटर बनणार नाही तर काय?

आणि आता आपल्याकडचा प्रकार बघा. आजारी माणसाला भेटायला येणारा प्रत्येक पाहुणा दारातच काय विचारतो? "आप्पा, ओळखलंत का मला? सांगा बरं मी कोण?" प्रेमानेच विचारतात, वाद नाही. पण आप्पा अंदाजाने काहीतरी बोलणार, ते चुकणार, सगळे हसणार किंवा हळहळणार, आणि ते चुकीचं नाव पक्कं होणार. आमच्या धाकट्या काकांना आप्पांनी एकदा आपल्या वारलेल्या भावाच्या नावाने हाक मारली. येणाऱ्या-जाणाऱ्याने पुन्हा पुन्हा "हे कोण, सांगा" करून ती चूक इतकी घोटून घेतली की पुढे तीन महिने काका आले की तेच नाव. काका बाहेर पडवीत जाऊन बसायचे. पन्नाशीचा माणूस. मग आईने दारावर कागद चिकटवला, 'आत आल्यावर आधी आपलं नाव आणि नातं सांगावे. ओळख विचारू नये.' काही पाहुण्यांना राग आला. पण काका रोज आत येताना "दादा, मी तुमचा धाकटा भाऊ" आणि पुढे आपलं नाव, एवढं म्हणत राहिले, आणि गौरी-गणपतीच्या सुमाराला आप्पांनी त्यांना बरोबर नावाने हाक मारली.

मात्र ही पद्धत सरसकट लावायची नसते बरं का. ज्यांची स्मृती थोडीशीच गेली आहे त्यांना स्वतः आठवण्याची धडपड उपयोगी पडते. आपल्यासारख्यांना तर पडतेच. पुस्तक मिटून स्वतःला प्रश्न विचारणं आणि चुकलं की लगेच बरोबर उत्तर बघणं, हे नुसतं चौथ्यांदा वाचण्यापेक्षा किती तरी चांगलं. म्हणून मेमरी खूपच गेली आहे की थोडी, हे आधी क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडून तपासून घ्यावं लागतं. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये हे काम चालतं. आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट नावाची जी मंडळी असतात ती घरात येऊन कपाट, बाथरूम, गॅस सगळं बघून काय कुठे ठेवायचं ते सांगू शकतात. मला आधी वाटायचं हे काहीतरी फॉरेनचं फॅड असेल. पण १९५० मध्ये मुंबईत केईएम हॉस्पिटलमध्ये या विषयाची शाळा सुरू झाली. सुरू करणाऱ्या कमलाबाई निंबकर मूळच्या अमेरिकन, लग्न करून महाराष्ट्रात आलेल्या! तरीही आपल्यापैकी किती जणांना हा कोर्स माहीत आहे?

आता वळू या खास आपल्या गोष्टीकडे. कॅलिफोर्नियात लॅरी ट्रेडगोल्ड नावाचा एक इंजिनिअर होता. त्याच्या मुलाच्या डोक्याला मार लागला आणि तो कामं विसरायला लागला. या बापाने नील हर्श नावाच्या न्यूरोसायकॉलॉजिस्टला सोबत घेऊन 'न्यूरोपेज' बनवलं. पेजर तुमच्यापैकी कुणी बघितला नसेल. कमरेला लावायची डबी, तिच्यावर संदेश यायचा, बाबांकडे होता. न्यूरोपेजमध्ये माणसाची कामं आणि वेळा आधीच कॉम्प्युटरमध्ये भरून ठेवायच्या. वेळ झाली की पेजर वाजायचा किंवा थरथरायचा आणि स्क्रीनवर काम यायचं. बटण एकच आणि तेही मोठं. ना मेनू, ना सेटिंग.

बार्बरा विल्सन बाईंनी हे इंग्लंडमध्ये नेलं. याच बाईंनी १९९६ मध्ये केंब्रिजजवळ ईली या छोट्या गावात ऑलिव्हर झँगविल सेंटर सुरू केलं, मेंदूला मार लागलेल्यांच्या रिहॅबसाठी. २००१ मध्ये त्यांच्या टीमने १४३ जणांवर केलेला प्रयोग छापला. सगळ्यात लहान ८ वर्षांचा, सगळ्यात मोठा ८३ वर्षांचा. निम्म्यांना आधी पेजर, निम्म्यांना नंतर, म्हणजे तुलना चोख. ज्यांनी प्रयोग पूर्ण केला त्यांच्यातल्या ८० टक्क्यांहून जास्त लोकांची ठरलेली कामं वेळेवर करण्यात चांगलीच सुधारणा झाली. आणि गंमत म्हणजे सात आठवड्यांनी पेजर काढून घेतल्यावर काम थोडं घसरलं, पण पहिल्याइतकं खाली नाही गेलं. पेजरने रोजचा रिवाज बसवून दिला होता.

मला यात तंत्रज्ञानापेक्षा डिझाईन आवडलं. आपल्या हातातला स्मार्टफोन त्या पेजरपेक्षा हजारपट हुशार आहे, पण आप्पांसाठी तो बिनकामाचा. सुकलेल्या बोटांना टच लागत नाही. दिवसभर गुड मॉर्निंगच्या मेसेजेसचा पाऊस, त्यात गजर कुठला आणि फूल कुठलं कळत नाही. आणि मुख्य गोष्ट, गजर वाजला, बंद केला, आणि गोळीकडे जाईपर्यंतच्या दहा पावलांत विसरले. गजर बंद करणं आणि काम करणं या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या, तिथेच सिस्टीम फेल.

म्हणून मिनी प्रोजेक्टला मी गोळ्यांची पेटी केली. माझ्या बॅचमेट्सनी रोबोट आणि ड्रोन केले, माझं दिसायला अगदीच गरीब. रक्तदाबाची गोळी हा आमच्या घरचा खरा प्रश्न होता. विसरले तर एक भीती, आणि घेतलेली विसरून पुन्हा घेतली तर दुसरी, जास्त मोठी. एकदा दुपारी आजी देवळात गेली असताना दोनदा घेतली गेली आणि ते चक्कर येऊन पडवीत बसकण मारून बसले. तर या पेटीत कप्पे आहेत. वेळ झाली की एकच कप्पा सर्व्हो मोटरने उघडता येतो, बाकीचे बंद. झाकणाला रीड स्विच आहे. झाकण उघडत नाही तोवर आवाज थांबत नाही, थांबवायला बटणच ठेवलं नाही. म्हणजे गजर बंद करण्याचा एकमेव मार्ग गोळीच्या कप्प्यापाशी जाऊन पोचतो. आतला कंट्रोलर आणि घड्याळाचं मॉड्यूल मिळून साडेआठशे रुपये गेले.

सुरुवातीला बझर लावला होता. आप्पांना वाटायचं कुकरची शिट्टी. मग स्पीकर लावून आजीचा आवाज रेकॉर्ड केला. आजीने आधी म्हटलं, "अहो, गोळी घेतलीत का?" मी म्हटलं, आजी, प्रश्न नको. प्रश्न विचारला की ते "हो" म्हणणार. शेवटी रेकॉर्ड झालं ते असं - "अहो, नऊ वाजले. उघडं झाकण आहे त्यातली गोळी घ्या." अंतर्गत परीक्षक सरांनी व्हायवाला विचारलं, यात नॉव्हेल्टी काय? मी पेटी चालू केली. आजीचा आवाज लॅबमध्ये घुमला आणि सर स्वतःच झाकण उघडायला गेले! (मार्क मात्र बेतानेच दिले.)

एक स्पष्ट सांगते, औषधाच्या बाबतीत असल्या घरगुती यंत्रावर सगळा भार टाकू नये. आठवड्याच्या गोळ्या आजीच भरते, बाकीच्या तिच्या कुलपात असतात आणि वहीत सही होतेच.

केंब्रिजला आणखी एक प्रयोग झाला होता, त्याबद्दल दोन ओळी. मायक्रोसॉफ्टच्या तिथल्या संशोधन केंद्राने गळ्यात अडकवायचा 'सेन्सकॅम' नावाचा कॅमेरा बनवला, तो दिवसभर आपोआप फोटो काढत राहायचा. मेंदूला सूज येऊन स्मृती गेलेल्या एका ६३ वर्षांच्या बाईंनी नवऱ्याबरोबर बसून हे फोटो दर दोन दिवसांनी बघितले. डायरी वाचूनही जे प्रसंग आठवत नव्हते, तसे बहुतेक प्रसंग त्यांना काही महिन्यांनीसुद्धा आठवले. हे २००७ मध्ये छापून आलं. आमच्याकडे याची गावठी आवृत्ती म्हणजे आई रोज संध्याकाळी दिवसातले चार फोटो टीव्हीवर लावते आणि आप्पांना स्वतःच सांगते, "हे बघा, आज सकाळी कटिंगला गेला होतात." पुन्हा तेच, प्रश्न नाही.

एवढं सगळं केल्यावर आप्पा बरे झाले का, असं रूममेट्स विचारतात. पोहे अजूनही आठवत नाहीत! मेंदूची सुधारणा पहिल्या काही महिन्यांत भरभर होते, मग संथ, आणि उतारवयात आणखी संथ. डॉक्टर टेस्टचे मार्क बघतात, आजीचं मोजमाप वेगळं आहे. आप्पा आता एकटे डेअरीपर्यंत जाऊन येतात, खिशात चिठ्ठी असते. गॅसला हात लावत नाहीत. श्रवणयंत्र लावल्यापासून तर निम्मा 'विसरभोळेपणा' कमी झाला, कारण पुष्कळ गोष्टी मुळात ऐकूच आलेल्या नसायच्या. झोप, चष्मा, कान, थायरॉईड, बी-१२, उदासी हे सगळं आधी तपासून घ्यायला हवं असं डॉक्टर सांगतात ते उगाच नाही.

आणि आजी? "आज वार कुठला?" हा प्रश्न ती दिवसातून तीस वेळा ऐकते आणि तिसाव्यांदासुद्धा पहिल्यासारखं उत्तर देते. कधीकधी ती मागच्या दारी जाऊन उगाचच धुतलेली भांडी परत घासते. तिच्यासाठी कुठलं सेंटर, कुठला पेजर आहे ते मला अजून कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही. आता रविवारी दुपारी काका आप्पांजवळ बसतात आणि आजी भजनाला जाते, तेवढं ठरवून टाकलंय.

पेटीत सध्या एकच अडचण आहे. कराडला लाईट गेली की बॅटरीवर सर्व्हो मोटर ओढत नाही, झाकण अर्ध्यावर अडकतं आणि आजीचा आवाज मात्र चालूच राहतो. गेल्या आठवड्यात आप्पांनीच स्क्रू ड्रायव्हर घेऊन पेटी उघडली आणि बिजागरीला तेल दिलं. थोडं हलकं झालं, पण पुरेसं नाही. कमी करंटची मोटर किंवा साधा सोलेनॉईड बसवावा असा विचार आहे. सेकंड इयरच्या कुणाला हे करून बघायचं असेल तर सर्किट डायग्रॅम मी लायब्ररीत प्रोजेक्टच्या फाईलमध्ये लावून ठेवला आहे.

- तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन